न लागणारी नाडी

दहा पावलं चाललं की मूल थांबायचं आणि उकिडवं बसायचं. गुडघे पोटाशी, हातांची मिठी गुडघ्यांना. ओठ जांभळे, नखं जांभळी, बोटांची टोकं फुगून गोल झालेली. दोन-तीन मिनिटं तसंच बसलं की श्वास ठिकाणावर यायचा, मग उठून आणखी दहा पावलं. असं बसायला या मुलांना कोणी शिकवलेलं नसायचं. उकिडवं बसलं की मांड्यांतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, पायांकडे निघालेल्या रक्ताची वाट अडते आणि त्यातलं थोडं फुप्फुसांकडे वळतं. वैद्यकाला हा हिशेब मांडायला बराच काळ लागला. मुलांच्या अंगाला तो आधीच कळलेला होता.

अमेरिकेत बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय आहे. त्याच्या हॅरिएट लेन या बालविभागात 1930 च्या दशकात अशी मुलं येत. तपासणी झाली की आईबापांना सांगण्यासारखं फार काही नसे. काही अर्भकं पहिल्या काही दिवसांतच जात, काही रखडत शाळेच्या वयापर्यंत पोचत. इंग्रजीत त्यांना 'ब्लू बेबी' म्हणत. आपल्याकडे 'बाळाच्या हृदयाला भोक आहे' असं म्हणतात आणि जन्मजात हृदयदोषांचे सगळे प्रकार त्या एका भोकात कोंबतात. पण नुसत्या भोकाने मूल निळं पडत नाही.

शाळेत शिकलेलं थोडं आठवलं तरी पुढचं समजतं. हृदयाचा उजवा भाग अंगातून परतलेलं अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे ढकलतो, डावा भाग तिथून आलेलं शुद्ध रक्त अंगभर पाठवतो, मध्ये पडदा असतो. पडद्याला नुसतं भोक असेल, तर जोर डाव्या बाजूचा असल्यामुळे शुद्ध रक्तच उजवीकडे शिरतं. मूल दमतं, धापा टाकतं, पण निळं होत नाही. निळं होतं ते भोकाच्या जोडीला फुप्फुसांकडे जाणारी वाटही अरुंद असली म्हणजे. पुढे सरकायला जागा नसलेलं अशुद्ध रक्त मग भोकातून डावीकडे येतं आणि फुप्फुसांची भेट न घेताच अंगभर फिरतं. फ्रान्समधल्या मार्सेयचे डॉक्टर एतिएन-लुई आर्थर फालो यांनी 1888 मध्ये अशा निळ्या रुग्णांच्या हृदयात चार दोष एकत्र सापडतात हे दाखवून दिलं: फुप्फुसांकडची अरुंद वाट, पडद्याचं भोक, त्या भोकावर सरकून बसलेली महाधमनी आणि उजव्या कप्प्याची जाड झालेली भिंत. ही चौकडी आजही फालोंच्याच नावाने ओळखली जाते. मात्र ती नीट ओळखून अर्धं शतक उलटलं, तरी उपाय हाती नव्हता. हृदयाच्या वाटेला जायचं नाही, असा शल्यविशारदांमध्ये जवळपास दंडकच होता.

हॅरिएट लेनमधल्या हृदयरोग विभागाची सूत्रं 1930 मध्ये हेलन टॉसिग यांच्याकडे आली. वडील हार्वर्डचे नामवंत अर्थशास्त्रज्ञ. आई हेलन अकरा वर्षांच्या असताना क्षयाने गेली. अक्षरओळखीतच दोष असल्यामुळे लहानपणी वाचन म्हणजे रोजची झटापट होती. हार्वर्ड तेव्हा बाईला वैद्यकीय पदवी देत नव्हतं, म्हणून बोस्टन विद्यापीठातून वळसा घेत त्या हॉपकिन्सला आल्या आणि 1927 मध्ये डॉक्टर झाल्या. हॉपकिन्सचं दार उघडं होतं त्यालाही कारण होतं. तिथलं वैद्यकीय महाविद्यालय पैशांवाचून अडलं होतं तेव्हा ज्या स्त्रियांनी निधी उभा केला, त्यांनी मुलींना मुलांच्या बरोबरीने प्रवेश हवा अशी अट घातली होती. त्या अटीचं किती देणं लागतं, याचा हिशेब निळ्या मुलांच्या आईबापांनी करावा.

विभाग हाती आला त्या सुमारास टॉसिग यांना ऐकू येणं कमी होत गेलं. हृदयरोगाच्या डॉक्टरचं सगळं शिक्षण कानात असतं. ठोका, त्यामागची कुरकुर, कुठली झडप कशी मिटते, हे सगळं स्टेथोस्कोपमधून. टॉसिग यांनी माणसांचं बोलणं ओठांवरून वाचायला सुरुवात केली आणि हृदयाचं बोलणं बोटांनी. लहान मुलाची छाती पातळ असते. तिच्यावर तळहात ठेवला की रक्ताचा झोत कुठे अडतो, कुठे घुसतो, हे मांजराच्या घुरघुरीसारख्या थरथरीतून हाताला लागतं. क्ष-किरणांच्या पडद्यापुढे मुलाला उभं करून त्या हळूहळू वळवत आणि हृदयाची सावली सगळ्या बाजूंनी पाहत. मूल गेलं की शवविच्छेदनात त्याचं हृदय हातात घेऊन आपण काय म्हटलं होतं आणि आत काय होतं, हे ताडून पाहत. माँट्रियलच्या मॉड ॲबट यांनी हजार सदोष हृदयांचा अभ्यास करून 1936 मध्ये मोठा चित्रसंग्रह छापला होता. टॉसिग त्यांच्याकडूनही शिकल्या.

या मुलांकडे अनेक वर्षं रोज पाहताना त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. काही बाळं जन्मतः फारशी निळी नसतात आणि काही दिवसांनी एकाएकी काळीनिळी पडून दगावतात. त्या दिवसांत बदलतं काय? गर्भात फुप्फुसं बंद असतात, म्हणून फुप्फुसधमनी आणि महाधमनी यांच्यामध्ये निसर्गाने एक छोटी नळी ठेवलेली असते. जन्मानंतर ती आपोआप मिटते. निरोगी बाळाला ती मिटायलाच हवी. फालोच्या चौकडीतल्या बाळाला मात्र महाधमनीतलं रक्त मागे फुप्फुसांत नेणारी तीच एक चोरवाट असते. ती मिटली की बाळ गुदमरतं. ज्यांची नळी उघडी राहते ती मुलं त्या मानाने बरी असतात. मग टॉसिग यांच्या मनात प्रश्न आला: नळी मिटली तर दुसरी बांधता का येऊ नये?

बोस्टनचे रॉबर्ट ग्रॉस यांनी 26 ऑगस्ट 1938 रोजी नेमकी उलटी शस्त्रक्रिया यशस्वी केली होती. एका मुलीची विनाकारण उघडी राहिलेली नळी त्यांनी बांधून टाकली. टॉसिग आपला प्रश्न घेऊन त्यांच्याकडे गेल्या. ग्रॉस यांना त्यात रस वाटला नाही. नळ्या बंद करण्याचं नवं शास्त्र नुकतंच हाती आलेल्या माणसाला कोणी नवी नळी बांधायला सांगावं, हे विचित्र वाटलं असणार. टॉसिग रिकाम्या हाताने परतल्या.

1941 मध्ये हॉपकिन्सच्या शल्यविभागाचे प्रमुख म्हणून आल्फ्रेड ब्लॅलॉक आले. ते जॉर्जियाचे आणि हॉपकिन्सचेच जुने विद्यार्थी. टेनेसीतल्या नॅशव्हिल शहरी व्हँडरबिल्ट विद्यापीठात त्यांनी 'शॉक'वर काम करून नाव मिळवलं होतं. जखमी माणूस गार पडतो, नाडी बुडते आणि तो जातो, याचं मुख्य कारण रक्तवाहिन्यांतून रक्त आणि द्रव निघून जाणं हे आहे, असं त्यांच्या प्रयोगांनी दाखवलं. रक्त आणि प्लाझ्मा चढवणं हाच त्यावरचा उपाय, हे ज्ञान दुसऱ्या महायुद्धात किती सैनिकांच्या कामी आलं असेल. हॉपकिन्सला येताना ब्लॅलॉकांनी एकच आग्रह धरला: माझा प्रयोगशाळेतला माणूस माझ्याबरोबर येईल.

तो माणूस म्हणजे व्हिव्हियन थॉमस. इथे थोडं थांबायला हवं, कारण ही गोष्ट पुष्कळ वर्षं थॉमसना वगळूनच सांगितली गेली.

थॉमस यांचा जन्म 1910 चा, लुइझियाना राज्यातला. वाढले नॅशव्हिलमध्ये. वडील सुतार. शाळा सुटली की मुलगा बापाच्या हाताखाली जायचा. रंधा, पटाशी, खाचेत खाच कशी बसवायची, हे सगळं त्याने लहानपणीच उचललं. पुढे डॉक्टर व्हायचं ठरवून सुतारकामाचे पैसे साठवले. तेवढ्यात मंदी आली. हातचं काम गेलं म्हणून 1930 च्या फेब्रुवारीत त्यांनी ब्लॅलॉकांच्या प्रयोगशाळेत आठवड्याला 12 डॉलरवर नोकरी धरली. मंदी ओसरली की कॉलेजात जायचं, असा विचार होता. त्याच वर्षी नॅशव्हिलच्या बँका बुडाल्या आणि साठवलेली पुंजी त्यांच्याबरोबर गेली. एकोणीस-वीस वर्षांच्या थॉमस यांनी मग जिथे होते तिथेच शिकायचं ठरवलं. नोकरीच्या पहिल्या काही आठवड्यांतच ते प्रयोगासाठी प्राण्यांना भूल देऊ लागले होते, शस्त्रक्रिया करू लागले होते, रक्ताचं रसायन तपासू लागले होते, नोंदी ठेवू लागले होते.

ब्लॅलॉक तापट होते. नोकरी लागून फार दिवस झाले नव्हते, तेव्हा एका चुकीवरून त्यांनी थॉमसना शिव्या घातल्या. थॉमस कपडे बदलून निघण्याच्या तयारीने त्यांच्यासमोर गेले आणि अशी भाषा ऐकायला मी वाढलेलो नाही, असं बजावलं. ब्लॅलॉकांनी माफी मागितली आणि पुन्हा असं होणार नाही म्हणाले. 1930 च्या अमेरिकन दक्षिणेत एका कृष्णवर्णीय तरुणाने गोऱ्या डॉक्टरला हे ऐकवलं आणि डॉक्टरने ते ऐकून घेतलं. दोघांच्या पुढच्या चौतीस वर्षांच्या नात्याचा पाया तिथे पडला असं मला वाटतं. पण पाया एवढाच होता, जास्त नव्हता. विद्यापीठाच्या दप्तरात थॉमस यांची नोंद झाडूवाला म्हणून होती आणि पगारही त्याच श्रेणीचा. काम मात्र पदवीधर संशोधकाचं. ब्लॅलॉक त्यांना 'व्हिव्हियन' म्हणत, ते ब्लॅलॉकांना 'डॉक्टर ब्लॅलॉक'. मराठीत लिहिताना आदरार्थी रूप कोणाला द्यायचं हे लिहिणाऱ्याच्या हातात असतं, म्हणून इथे ते तिघांनाही सारखंच दिलं आहे.

हॉपकिन्समध्ये कृष्णवर्णीय माणसं होती ती झाडलोटीच्या कामावर. पांढरा कोट घालून पॅसेजमधून चालणारे थॉमस दिसले की लोक वळून पाहत. प्रसाधनगृहं वेगळी. बाल्टिमोरमध्ये पत्नी आणि दोन मुलींसाठी घर मिळवणंही सोपं नव्हतं. हंटेरियन नावाची प्रयोगशाळा जुनी, कोंदट. थॉमस यांनी तिथे आपला पसारा मांडला.

टॉसिग यांनी ब्लॅलॉकांपुढे आपलं म्हणणं मांडलं तेव्हा थॉमस तिथे होते. त्यांच्या आठवणीप्रमाणे टॉसिग एवढंच म्हणाल्या होत्या, की नळकाम करणारा जसे पाइप इकडचे तिकडे जोडतो, तसं काही करून फुप्फुसांत जास्त रक्त पोचवता आलं पाहिजे. कसं, ते त्यांना माहीत नव्हतं. ब्लॅलॉक आणि थॉमस यांना मात्र एक जुना प्रयोग आठवला. व्हँडरबिल्टमध्ये कुत्र्याच्या हाताकडे जाणारी धमनी कापून त्यांनी फुप्फुसधमनीला जोडली होती. फुप्फुसांतला रक्तदाब वाढतो का, ते पाहायचं होतं. तो वाढला नाही. प्रयोग फसला म्हणून बाजूला पडला. पण फुप्फुसांत जास्त रक्त न्यायचं असेल, तर तो फसलेला प्रयोग म्हणजेच उत्तर होतं. पुढे ही कल्पना मूळची कोणाची यावरून ब्लॅलॉक आणि टॉसिग यांच्यात कुरबूर राहिली. मला तो वाद फार महत्त्वाचा वाटत नाही. एकीला काय हवं ते कळलं होतं, दुसऱ्याच्या जुन्या वहीत ते कसं करायचं ते पडून होतं. दोघांच्या मधली सगळी वाट चालायची होती थॉमस यांना.

आधी त्यांनी टॉसिग यांनी जमवलेली सदोष हृदयं संग्रहालयात बसून दिवसेंदिवस पाहिली. मग कुत्र्यांवर काम सुरू झालं. पण निरोगी कुत्रा निळा नसतो. त्यामुळे आधी कुत्र्याला निळं करणारी शस्त्रक्रिया शोधायची आणि मग ते निळेपण घालवणारी. फालोचे चारही दोष कुत्र्याच्या हृदयात घडवणं अशक्य होतं. थॉमस यांनी फुप्फुसाचा काही भाग काढून, धमनी आणि नीला परस्पर जोडून, शुद्ध न झालेलं रक्त अंगात फिरेल अशी व्यवस्था केली. ते जमल्यावर मग जोडणीची शस्त्रक्रिया. सुमारे 200 कुत्र्यांवर हे काम चाललं आणि त्यांतले बरेच मेले. हे वाचताना बरं वाटत नाही, वाटू नयेच. त्यांतली ॲना नावाची कुत्री या शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ जगणारी पहिली. हॉपकिन्सच्या भिंतीवर पुढे तिचं चित्र लागलं.

रक्तवाहिनीला रक्तवाहिनी जोडायची तर टाके कसे घालायचे, हे ॲलेक्सिस कारेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवलं होतं. पण इतक्या बारीक कामाला लागणारी हत्यारं बाजारात मिळत नव्हती. सुया लांब होत्या. थॉमस यांनी त्या कापल्या, घासून नवी टोकं काढली. धमनी चिरडू न देता रक्त थांबवून धरणारे चिमटे तयार करवले. सुताराच्या घरात वाढलेल्या माणसाला हत्यार कामाप्रमाणे करून घ्यायचं असतं हे सांगावं लागत नाही. एकदा थॉमस यांनी केलेली एक शस्त्रक्रिया ब्लॅलॉकांनी तपासून पाहिली. तेव्हा हे काम देवाने केल्यासारखं दिसतं, असं ते म्हणाल्याची आठवण थॉमस यांनी नोंदवली आहे. त्या उद्गारावरूनच 2004 मध्ये त्यांच्या आयुष्यावरच्या चित्रपटाला नाव मिळालं.

1944 च्या नोव्हेंबरात हॅरिएट लेनमध्ये पंधरा महिन्यांची एक मुलगी होती. वजन जेमतेम चार किलोंच्या आसपास. प्राणवायूच्या तंबूबाहेर काढली की निळी पडे. तिला शस्त्रक्रिया सोसेल असं कोणी म्हणत नव्हतं. शस्त्रक्रियेवाचून ती जगेल असंही कोणी म्हणत नव्हतं. भूलविभागाच्या प्रमुखांनी इतक्या क्षीण बाळाला भूल द्यायला नकार दिला. मेरेल हार्मेल या तरुण डॉक्टरांनी ते अंगावर घेतलं.

29 नोव्हेंबर 1944. शस्त्रक्रिया ब्लॅलॉक करणार होते. ही जोडणी कुत्र्यांवर थॉमस यांनी कितीतरी वेळा केली होती, ब्लॅलॉकांचा स्वतःचा हात मात्र तिच्यावर फारसा बसलेला नव्हता. थॉमस त्या दिवशी शस्त्रक्रियागृहात जाणार नव्हते. आपण असल्याने ब्लॅलॉकांवर दडपण येईल असं त्यांना वाटत होतं. सकाळी ब्लॅलॉकांनी निरोप पाठवून त्यांना बोलावलं. विल्यम लाँगमायर मदतनीस, डेंटन कूली इंटर्न, टॉसिग बाळाच्या डोक्याशी. थॉमस ब्लॅलॉकांच्या उजव्या खांद्यामागे एका छोट्या स्टुलावर उभे राहिले.

छाती उघडली तर आतल्या वाहिन्या थॉमस ज्यांवर काम करत आले होते त्यांच्या निम्म्याही नव्हत्या. डाव्या हाताकडे जाणारी धमनी ब्लॅलॉकांनी मोकळी केली, हाताकडचं तोंड बांधलं, हृदयाकडचं तोंड खाली वळवलं. फुप्फुसधमनीच्या कडेला छेद घेतला. हा छेद पुरेसा आहे का, असं त्यांनी मागे न वळता विचारलं. फार मोठा झाला नसेल तर पुरेल, असं थॉमस म्हणाले. एक टाका उलट्या बाजूने चालला होता, थॉमस यांनी हलक्या आवाजात सांगितलं, ब्लॅलॉकांनी सुई फिरवली. असं शेवटपर्यंत चाललं. हॉपकिन्सचा शल्यविभागप्रमुख हातात सुई घेऊन विचारत होता, आणि दप्तरात कधी झाडूवाला म्हणून नोंदलेला माणूस स्टुलावरून उत्तर देत होता. त्या खोलीतल्या प्रत्येकाने हे पाहिलं.

चिमटे सुटले तेव्हा मुलगी जिवंत होती. रंग एकदम पालटला नाही, तो चमत्कार पुढच्या रुग्णांच्या वेळी दिसायचा होता. तिचे पुढचे दिवस कठीण गेले, पण सुमारे दोन महिन्यांनी ती घरी गेली. नंतर पुन्हा निळी पडू लागली, पुन्हा शस्त्रक्रिया झाली आणि दुसरा वाढदिवस जेमतेम समोर असताना ती गेली. या शस्त्रक्रियेच्या यशाच्या वर्णनात तिचा शेवट पुष्कळदा एका ओळीत गुंडाळला जातो. आपल्याकडे वैद्य पुरुषाची उजव्या आणि बाईची डाव्या हाताची नाडी पाहतात. त्या मुलीने फुप्फुसांत श्वास यावा म्हणून डाव्या हाताची नाडी दिली होती. ते आठ-नऊ महिने तिच्या आईबापांना काय वाटले असतील, ते कोणत्याही शोधनिबंधात नाही.

1945 च्या फेब्रुवारीत आणखी दोन मुलांवर शस्त्रक्रिया झाली. तिसरा सहा वर्षांचा मुलगा. चिमटे सुटताच त्याचे ओठ गुलाबी झाले आणि खोलीतली माणसं त्याच्याकडे बघतच राहिली. 19 मे 1945 च्या अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात तीन रुग्णांचा वृत्तांत छापून आला. लेखक ब्लॅलॉक आणि टॉसिग. थॉमस यांचं नाव त्यात कुठेही नव्हतं. त्या काळात प्रयोगशाळेतल्या मदतनिसांची नावं निबंधात येत नसत, हे खरं आहे. पण हे काम मदतनिसाचं नव्हतं, हे शस्त्रक्रियागृहातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. ब्लॅलॉकांनी थॉमसना पुष्कळ दिलं: विश्वास, स्वायत्तता, पगारासाठी प्रशासनाशी भांडण. छापील कागदावरचं नाव तेवढं दिलं नाही, आणि ते देणं त्यांच्याच हातात होतं.

त्यानंतर हॉपकिन्समध्ये निळ्या मुलांची रीघ लागली. दूरदूरच्या गावांतून, पुढे युरोपातूनही आईबाप मुलांना उचलून घेऊन येऊ लागले. काही वर्षांत शस्त्रक्रियांची संख्या हजारावर गेली. 1947 मध्ये ब्लॅलॉक आणि टॉसिग लंडनला गेले. ब्लॅलॉकांनी तिथल्या गाईज रुग्णालयात शस्त्रक्रिया करून दाखवल्या. एका व्याख्यानाच्या शेवटी अंधाऱ्या सभागृहात प्रकाशझोत पडला. त्यात एक परिचारिका बसलेली होती आणि तिच्या मांडीवर नुकतीच शस्त्रक्रिया झालेली, गुलाबी गालांची लहान मुलगी.

या टॉसिग यांच्या हाताखाली हॉपकिन्समध्ये शिकलेल्या एक डॉक्टर भारतात परतल्या. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती. ब्रह्मदेशात जन्मलेल्या, युद्धात तिथून बाहेर पडाव्या लागलेल्या. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला त्या दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात रुजू झाल्या आणि तिथे त्यांनी हृदयरोग विभाग उभा केला. 2020 मध्ये, वयाच्या 103 व्या वर्षी त्या गेल्या.

टॉसिग पुढे 1962 मध्ये जर्मनीत जाऊन थॅलिडोमाइड या औषधाने व्यंग घेऊन जन्मलेली बाळं पाहून आल्या आणि अमेरिकेत त्या औषधाविरुद्ध ठाम बोलल्या. प्राध्यापकपद मात्र त्यांना 1959 मध्ये मिळालं, जगभर नाव होऊन चौदा वर्षांनी. थॉमस यांचा हिशेब आणखी लांबला. जोड उत्पन्नासाठी ते ब्लॅलॉकांच्या घरच्या मेजवान्यांत पेयं देण्याचं काम करत, आणि तिथे जमलेल्या पाहुण्यांत दिवसा त्यांच्याकडून टाके घालायला शिकलेले तरुण सर्जन असत. 1940 च्या दशकातच आणखी एका जन्मजात दोषासाठी हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छेद देण्याची पद्धत त्यांनीच बसवली. तिच्या नावातही ते नाहीत. 1964 मध्ये ब्लॅलॉक गेले. 1971 मध्ये हॉपकिन्समधून शिकून गेलेले, देशभर मोठमोठ्या विभागांचे प्रमुख झालेले सर्जन जमले आणि त्यांनी थॉमस यांचं तैलचित्र करवून रुग्णालयाला दिलं. ते ब्लॅलॉकांच्या चित्राशेजारी लागलं. 1976 मध्ये विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली, वैद्यकाची नव्हे, कायद्याची. पण त्या दिवसापासून त्यांना 'डॉक्टर' म्हणता येऊ लागलं. त्यांचं आत्मकथन 1985 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांनी बाहेर आलं.

शस्त्रक्रियेचीही पुढची पिढी आली. अगदी तान्ह्या बाळांत हाताकडची धमनी फार बारीक असते, म्हणून शिकागोचे विलिस पॉट्स यांनी 1946 मध्ये महाधमनीच थेट डाव्या फुप्फुसधमनीला जोडली. लंडनचे वॉटरस्टन यांनी 1962 मध्ये उजव्या बाजूला तसंच केलं. दोन्हींत छेद थोडा मोठा झाला तर फुप्फुसांत रक्ताचा पूर येई. 1954 मध्ये मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी हृदय उघडून फालोची चौकडी आतूनच दुरुस्त केली, आणि मग धमन्यांचा हा जोड, म्हणजे 'शंट', अनेकांसाठी मुक्काम न राहता वाटेतला थांबा झाला: मूल मोठं होईपर्यंत तगवायचं. 1970 च्या दशकात टोरांटोच्या संशोधकांनी प्रोस्टाग्लँडिन या औषधाने ती निसर्गदत्त नळी मिटू न देता काही दिवस उघडी ठेवता येते हे दाखवलं. त्यामुळे मरणाच्या दारातल्या नवजात बाळाला शस्त्रक्रियेपर्यंत पोचवता येऊ लागलं. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातले मार्क डी लेव्हल यांनी 1981 मध्ये हाताची धमनी न कापता तिच्यात आणि फुप्फुसधमनीत गोर-टेक्स या कृत्रिम पदार्थाची तुकडाभर नळी बसवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आज नवजात बाळात घालतात ती बहुधा साडेतीन मिलिमीटरची. एवढ्याशा नळीत रक्ताची गुठळी झाली तर बाळ काही मिनिटांत जाऊ शकतं. नळी मोठी घेतली तर फुप्फुसं भरतात आणि बाकीच्या अंगाला रक्त कमी पडतं. बाळ वाढतं, नळी वाढत नाही. म्हणून मधल्या काही महिन्यांत आईबापांना रोज वजन, दूध, श्वास, ओठांचा रंग हे पाहत राहावं लागतं. कुठे कुठे आता रक्तवाहिनीवाटे आत जाऊन त्या निसर्गदत्त नळीतच जाळीचा स्टेंट बसवतात, म्हणजे ती मिटतच नाही. टॉसिग यांनी मुळात एवढंच मागितलं होतं.

आता या शस्त्रक्रियेच्या नावात तीन नावं लिहितात: ब्लॅलॉक, थॉमस, टॉसिग. सगळीकडे नाही, पण लिहितात.

हाताची धमनी कापून केलेल्या मूळ शस्त्रक्रियेची एक खूण मागे राहते. त्या हाताला आजूबाजूच्या लहान वाहिन्यांतून रक्त मिळतं, हात काम करतो, मूल त्याने लिहितं, चेंडू फेकतं. पण मनगटात नाडी लागत नाही. 1940 ते 70 च्या दशकांत ज्यांना हा जोड मिळाला, त्यांतले जे वाचले ते आज मध्यमवयीन किंवा म्हातारे आहेत. त्यांच्यातलं कोणी साध्या तापासाठी दवाखान्यात जातं. तरुण डॉक्टर सवयीने मनगट धरतो, बोटं सरकवतो, पुन्हा दाबून पाहतो. मग सदरा वर करायला सांगतो, छातीच्या कडेला बरगड्यांमधून गेलेला पांढुरका व्रण पाहतो, आणि दुसरं मनगट हातात घेतो.